शेवटाकडून वाचणारा

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि दाराशी ठेवलेली छत्री ओलीचिंब होती.

दमट वगैरे नाही हं, चांगली ठिबकत होती. टप्... टप्... वाचनालयाच्या तळघरात उतरणारा जिना जिथे संपतो, तिथे छत्र्यांसाठी पत्र्याचा एक डबा ठेवलेला असतो. त्यात ती एकटीच उभी होती. काळी, लांब, लाकडी मुठीची. डब्याच्या बुडाशी पाणी साचत होतं.

शाळा सुटल्यावर रेडिओ उड्या मारत जिना उतरत होती, ती शेवटच्या पायरीवर गचकन थांबली.

रेडिओ हे एका मुलीचं नाव. म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर तिचं चारचौघींसारखं चांगलं नाव आहे, पण ते आता फक्त शिक्षकांनाच आठवतं. गंमत म्हणजे मागच्या वर्षीपर्यंत वर्गात तिला 'मुकी' म्हणायचे. कुणी काही विचारलं की तिची दातखीळच बसायची. मग एका शनिवारी याच तळघरात ग्रंथपालबाईंनी तिला उभं केलं. "आवडलेल्या पुस्तकाबद्दल एक मिनिट बोल, बास," म्हणाल्या. आणि ती जी सुटली, ती शेवटी हाताला धरून खाली बसवावी लागली! तेव्हापासून ती रेडिओ. घरी ताई म्हणते, "हिचं बटण कुणी दाबलं देव जाणे, आता बंदच होत नाही."

शनिवारची बैठक म्हणजे सगळ्या शाळकरी पोरापोरींचा अड्डा. कादंबऱ्या, मांगा नावाच्या जपानी चित्रकथा, भुताखेतांचं, प्रेमाबिमाचं... जे वाचून आपली झोप उडाली ते इथे यायचं आणि दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं. नियम एकच, पण कडक. शेवट फोडायचा नाही! जो फोडेल त्याला महिनाभर बैठकीत तोंड उघडायला बंदी. मागे एका बिचाऱ्याने उत्साहाच्या भरात खुनी कोण ते सांगून टाकलं होतं. तो मग महिनाभर नुसता मिटल्या तोंडाने सगळ्यांकडे बघत बसायचा. रेडिओला त्याच्याकडे बघवायचं नाही. महिनाभर गप्प? त्यापेक्षा गणिताचा पेपर रोज परवडला.

तर ती छत्री.

रेडिओच्या अंगावर काटा आला तो पाण्यामुळे नाही. ती छत्री तिने आधी पाहिली होती. पुस्तकात.

मागच्याच शनिवारी तिने 'धुक्यातला थांबा' नावाच्या एका जाडजूड मांगाची शिफारस केली होती. धुक्यातल्या एका बसथांब्यावर एका मुलीला एक मुलगा भेटतो. ती प्रेमात पडते... आणि तो हळूहळू नाहीसा व्हायला लागतो. आधी त्याची सावली जाते. मग काचेतलं प्रतिबिंब. मग हात, मग चेहरा, मग आवाजसुद्धा. आणि अगदी शेवटच्या पानावर उरते भिंतीला टेकलेली एक ओली छत्री, काळी, लांब, लाकडी मुठीची. हे सगळं अर्थातच तिने बैठकीत सांगितलं नव्हतं. नुसतंच "वाचा, वाचा, मेले मी वाचून," असं करत हातवारे केले होते आणि शेवटी हसत हसत म्हणाली होती, "कुणीतरी वाचा ना रे हे... मला याच्यावर बोलायला कुणीतरी हवंय!"

कुणी नेलं नाही. "फार जाड आहे," म्हणाले. "चेहऱ्यावरूनच रडकं दिसतंय," असं तिची मैत्रीण चष्मिस म्हणाली. पुस्तक मांडणीवर तसंच उभं राहिलं होतं.

आज ते तिथे नव्हतं.

"सुरुवात काय जबरदस्त आहे याची," कुणीतरी म्हणालं.

आवाज शेवटच्या कपाटाच्या पलीकडून आला. मुलाचा आवाज. खालच्या पट्टीतला, थोडा गारठलेला.

"कोण आहे तिकडे?"

"वाचतोय. हळू बोल ना."

"हळू? मी?" रेडिओने कमरेवर हात ठेवले. "मला काय म्हणतात माहितेय का?"

"माहितेय. ऐकलं ना मी. बोलायला कुणीतरी हवंय म्हणालीस... म्हणून आलो."

तिचे कान गरम झाले. "तू होतास तेव्हा? मला कसा दिसला नाहीस? कुठे बसला होतास?"

पलीकडे नुसतं एक पान उलटल्याचा आवाज. मग तो जरा ओशाळून म्हणाला, "ते... नाही आठवत."

रेडिओ तडक कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली. कुणी नव्हतं. एक खुर्ची होती, तिच्यावर पुस्तक पालथं ठेवलेलं. तिने बसायच्या जागेवर हात ठेवला. गार आणि ओली.

चष्मिसची चेष्टा असणार, तिने स्वतःला बजावलं. नक्कीच. पण जिना चढताना तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि बाहेर आल्यावर उन्हातसुद्धा दंड चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी मात्र शाळा सुटल्यावर तिचे पाय आपोआप तिकडेच वळले. पायांना काय कळतंय!

तळघराच्या खिडक्या छताला लागून आहेत, त्यातून बाहेरच्या रस्त्यावरचे फक्त पाय दिसतात. सँडल, बूट, एखाद्या कुत्र्याचे चार. रेडिओने कपाटातून मुद्दाम एक जाड कादंबरी ओढून काढली आणि त्या फटीतून पलीकडे पाहिलं.

पलीकडून दोन डोळे तिच्याकडेच बघत होते.

"ई!"

"ई काय? इतका वाईट आहे का मी दिसायला?"

वाईट? छे. कपाळावर चिकटलेले ओले केस, टोकदार नाक, हसू आवरताना एका बाजूला वाकडे होणारे ओठ... रेडिओच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की तिला पुढचं वाक्य सुचेना.

"केस का ओले तुझे?"

"पाऊस आहे ना बाहेर."

तिने वर खिडकीकडे पाहिलं. उन्हात चमकणारे बूट चालले होते. "कुठेय पाऊस?"

"मी आलो तिकडे होता," तो साधेपणाने म्हणाला. मग डोळे बारीक करून, "रेडिओ बंद पडला वाटतं?"

"बंद नाही. स्टेशन शोधतेय."

"सापडलं?"

"खरखर फार आहे."

तो हसला आणि फटीतून गार वाऱ्याची झुळूक आली. ओल्या मातीचा वास असलेली.

"कुणाशी बोलतेयस गं?" मागून चष्मिसने तिच्या पाठीत बोट खुपसलं.

"हा काय, इथे..." रेडिओने फटीकडे बोट दाखवलं. चष्मिसने चष्मा वर करून डोळा लावला.

"कपाट आहे. कपाटाशी बोलतेस? बरं बाई. नाहीतरी आम्ही ऐकून ऐकून थकलोय, आता त्याला पीड."

रेडिओने पुन्हा पाहिलं. तो होता की तिथेच! ओठांवर बोट ठेवल्यासारखा नुसताच बघत होता. ठेवल्यासारखा म्हणायचं, कारण बोट काही दिसलं नाही. फटीच्या खाली असेल, ती मनात म्हणाली.

माणूस प्रेमात पडला की डोळ्यांपुढचं दिसत नाही म्हणतात. रेडिओला सगळं दिसत होतं; फक्त तिला ते एकाखाली एक मांडून बेरीज करायची नव्हती. तो कुठल्या शाळेत जातो? "लांब." घर? "थांब्याच्या पुढे." कुठला थांबा? "बघ, परत प्रश्न. माझी पानं वाया जातायत." आणि ती हसायची. रोज भेटायची. कपाटाच्या अलीकडून-पलीकडून, मग एकाच बाजूने, मग शेजारशेजारच्या खुर्च्यांवर.

एकदा तिच्या केसांतली क्लिप निसटून खाली पडली. दोघंही एकदमच वाकले, आणि त्याने ती उचलून तिच्या तळहातावर ठेवली. नळाखाली बराच वेळ धरलेला हात असतो ना, तसा त्याचा हात होता. त्याने तो लगेच मागे घेतला नाही. स्वतःच्या बोटांकडे नवलाने बघत राहिला, जणू ती आजच मिळाली होती.

"कुठपर्यंत आलास?" तिने उगाच विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं, नाहीतर तिच्या छातीतली धडधड अख्ख्या तळघराला ऐकू गेली असती.

"अर्ध्यावर."

"अजून रडू नाही आलं?"

"रडू कशाला? उलट मला तर वाटतंय की—"

"थांब थांब! शेवट फोडायचा नाही!"

"अगं, मी शेवटापर्यंत पोचलोच नाहीये!"

"तरी नको. पोचलास की बोलू."

"गोड होणार आहे शेवट," तो म्हणाला. "तू बघच."

रेडिओने त्याच्याकडे फार मायेने पाहिलं. बिचारा! पुढ्यात काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पनाच नाही, तिला वाटलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. कारण शिफारस करणाऱ्याचा धर्मच तो. जीव गेला तरी पुढचं सांगायचं नाही.

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "काय गं, आज जेवताना एकदाही मध्ये बोलली नाहीस. ताप आहे का?"

"नाही."

"मग मुलगा आहे."

रेडिओने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाल्यावरही तसाच धरून ठेवला.

मग आली ती संध्याकाळ.

दिवे लागायची वेळ होती. बाहेर अंधारून आलं होतं, त्यामुळे खिडकीच्या काचेत आतलं सगळं दिसत होतं. कपाटं, दिवे, आणि शेजारशेजारी दोन चेहरे. तो काचेकडे एकटक बघत होता.

"छान दिसतोय ना आपण?" तो म्हणाला. "थोडंच राहिलंय आता. आज-उद्या संपेल."

आणि त्याने पान उलटलं.

रेडिओने ते पाहिलं आणि आधी तिला कळलंच नाही की खटकलं काय. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, तू उलटं वाचतोयस!"

"म्हणजे?"

"मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात! आपली नेहमीची पुस्तकं जिथे संपतात ना, तिथून ही सुरू होतात. तू शेवटाकडून सुरुवात केलीस! त्या बाजूला एक सूचना असते, 'थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने आलात' म्हणून... दाखव इकडे." तिने पुस्तक ओढून घेतलं. सूचनेचं पान होतं, पण ओल लागून पुठ्ठ्याला घट्ट चिकटून बसलं होतं. "अरे देवा! म्हणजे तू इतके दिवस..." हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणून तुला शेवट गोड वाटतोय होय!"

तो हसला नाही. "म्हणजे ती छत्री... ती सुरुवात नव्हती?"

"नाही रे वेड्या!"

"माझ्या गोष्टीत आधी नुसती छत्री असते," तो सावकाश म्हणाला. "मग आवाज येतो. मग तो दिसायला लागतो. मग त्याला तिचा हात धरता येतो... माझी गोष्ट जास्त छान होती."

"असेल. पण ज्याने काढलीय त्याने जशी काढलीय तशीच वाचायची. चल, पहिल्यापासून. मी शिकवते." आणि तिने पुस्तक फिरवून, बरोबर बाजूने उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. मोठ्या ऐटीत. आपल्यालाही कुणाला काही शिकवता येतं म्हणजे काय!

त्याने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "तू सांगतेस म्हणून," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या शेजारी बसली, सवयीने मान वर करून काचेत पाहिलं... आणि काचेत ती एकटीच होती.

तिने वळून पाहिलं. तो होता. पुन्हा काचेत पाहिलं. नव्हता.

"अरे..."

"हं?" तो वाचण्यात गुंग होता. "हातातून सुटत नाही गं हे. तू म्हणालीस ते खरंय."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते रेडिओला तेव्हा कळलं. आता बेरीज करावीच लागली. आधी छत्री. मग आवाज. मग चेहरा. मग हात. मग प्रतिबिंब. तो तिच्याकडे येत होता! शेवटाकडून, पानापानाने येत होता, आणि फक्त सावली तेवढी यायची राहिली होती. आणि तिने काय केलं? तिने त्याला धरून उलटा फिरवला, आणि परत पाठवलं.

"वाचू नकोस," ती म्हणाली. आवाज चिरकला. "मिट ते. प्लीज मिट."

"नाही मिटता येत." त्याने बाही वर केली. बाही रिकामी होती. तरीही मांडीवरच्या पुस्तकाचं पान सावकाश, आपोआप उलटलं. "एकदा सुरू झाली की गोष्ट पुढेच जाते."

रेडिओने पुस्तक हिसकावलं, शेवटाकडून उघडलं, भराभर उलटी पानं चाळली. काही झालं नाही. तिच्या हातातली पानं एकेक करून पुन्हा दुसऱ्या बाजूला पडत गेली, कुणीतरी शांतपणे वाचत असल्यासारखी.

"तसं नाही होणार," तो म्हणाला. त्याचे केस धुक्यात मिसळल्यासारखे पुसट होत चालले होते. "मला पुस्तकाने नाही आणलं. तू आणलंस. सगळ्यांसमोर उभी राहून बोलावलंस ना... तू जशी गोष्ट सांगशील, तसा मी होईन."

"सगळ्यांसमोर? पण मग शेवट फोडावा लागेल मला! ती बंदी..."

"हो."

आता चेहराही नव्हता. कपाटाच्या कडेला नुसता आवाज उरला होता, आणि तोही लांबून आल्यासारखा.

"रेडिओ... तुला बोलायला कुणीतरी हवं होतं ना? मला..." कुठेतरी एक थेंब टपकला. "मला कुणीतरी बोलवायला हवं होतं. त्या थांब्यावर फार धुकं असतं गं. कुणीच हाक मारत नाही."

"मी मारेन," ती म्हणाली. "ऐकतोयस? शनिवारी. मी मारेन!"

पलीकडून उत्तर आलं की नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

शनिवारी रेडिओ जिना उतरली ती एकेक पायरी. डब्यात छत्री होती. पण टपटप थांबली होती. कापड जवळजवळ वाळलं होतं, फक्त टोकाशी एक थेंब लटकत होता. पडू की नको, अशा बेतात.

खोली भरलेली. रस्त्याकडच्या खिडक्यांतून तिरपं ऊन आत येऊन फरशीवर लांबलचक पट्टा पडला होता. ग्रंथपालबाई टेबलाच्या कोपऱ्यावर टेकल्या होत्या. "हं, सुरुवात कोण करतंय?"

"मी." रेडिओ उभी राहिली. हातात 'धुक्यातला थांबा'.

"परत तेच?" चष्मिस ओरडली. "अगं, कुणी नेलं नाही ते समजून घे ना!"

"परत तेच. आणि..." क्षणभर तिला वाटलं, आली, ती जुनी दातखीळ आली. वर्गातले ते सगळे डोळे, ते 'मुकी, मुकी'... एका महिन्यात पुन्हा तसंच होऊन बसलं तर? बोलणं एवढं नवं होतं अजून. नव्या सारवणासारखं पायाखाली नीट सुकलेलंही नव्हतं.

जिन्याच्या तळाशी थेंब पडल्याचा आवाज झाला. टप्. शेवटचा.

"आणि मी शेवट फोडणार आहे," रेडिओ म्हणाली.

काय गोंधळ झाला विचारू नका! "ए, नाही!" "गद्दार!" "कान बंद करा रे!" ग्रंथपालबाईंनी हात वर केला. "रेडिओ, नियम माहितेय ना तुला?"

"माहितेय बाई. महिनाभर नाही बोलणार. पण आज बोलू द्या." आणि तिने परवानगीची वाट पाहिली नाही.

"एक थांबा आहे. खूप धुकं. भिंतीला टेकून एक छत्री उभी आहे, ओली. बास, एवढंच आहे जगात. नुसती छत्री. आणि मग... कुणीतरी एका मुलीला हाक मारतं. तिच्या नावाने. आवाज ओळखीचा नाही, पण तिला वाटतं, मी याचीच वाट बघत होते."

खोलीतली कुजबुज थांबली. जिन्याकडे पुन्हा टप्... टप्... सुरू झालं होतं. सगळ्यांनीच ऐकलं ते, कारण सगळ्यांच्याच माना तिकडे वळल्या.

"मग धुक्यातून चेहरा दिसतो," रेडिओ म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती शेवटच्या कपाटाकडे बघून बोलत होती. "कपाळावर ओले केस. हसू आवरलं की ओठ वाकडे होतात त्याचे. मी... म्हणजे ती मुलगी काही बोलूच शकत नाही. दिवसभर बडबडणारी मुलगी! त्याच्यासमोर तिला वाक्यं सुचत नाहीत. मग त्याला हात येतात. गार असतात, पण असतात! आणि तो पहिल्यांदा तिचा हात धरतो. ती घरी जाते आणि जेवताना बोलायचं विसरते. मग एक दिवस काचेत दोघं शेजारशेजारी दिसतात. आणि ती शहाणी त्याला म्हणते, तू चुकतोयस... चुकली ती. तोच बरोबर होता. त्याची गोष्ट जास्त छान होती. आणि मला तो आवडतो. झालं! सांगून टाकलं. मला तो खूप, खूप आवडतो."

"म्हणजे त्या मुलीला," चष्मिसने हळूच दुरुस्त केलं.

"मला," रेडिओ म्हणाली.

कुणी हसलं नाही. खोली एकदम गार पडली होती. पुढच्या रांगेतल्या पोरीने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. ओल्या मातीचा वास येत होता. आणि शेवटच्या कपाटाच्या बाजूने पावलं वाजत येत होती. हळू, जपून, जणू फरशीची खात्री करून घेत.

"आणि सगळ्यात शेवटी," रेडिओने पुस्तक उलट्या बाजूचं शेवटचं पान, म्हणजे खरं तर पहिलं पान येईल असं उघडलं, "धुकं विरतं. लख्ख ऊन पडतं. थांब्यावर तो उभा असतो. आणि त्याची सावली असते. लांबलचक. ती मुलगी त्याला म्हणते, 'तू इथे पहिल्यांदाच दिसतोयस.' आणि तो म्हणतो..."

तिचा आवाज तिथे संपला. अगदीच संपला.

"हो," मागून कुणीतरी म्हणालं. "पण आता रोज येईन."

तो उन्हाच्या पट्ट्यात उभा होता. केस ओले, सदरा खांद्यावर चिकटलेला, ओठ एका बाजूला वाकडे. आणि त्याच्या पायांपासून निघालेली एक सावली फरशीवरून सरळ पुढे येत होती. खुर्च्यांच्या पायांमधून, चष्मिसच्या दप्तरावरून, थेट रेडिओच्या बुटांपर्यंत. कडेला जरा थरथरत होती. मग स्थिरावली.

"हा कधी आला?" चष्मिस म्हणाली. मग चष्मा काढून, पुसून, परत घालून, "आणि हा कपाटात असतो का?"

"नवीन का रे तू?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा. वर्षानुवर्षं पोरांना सांभाळून माणूस कशालाही तयार होतं.

"हो," तो म्हणाला. "आत्ताच आलो."

"बस मग. आणि तू," त्या रेडिओकडे वळल्या, "शिक्षा ती शिक्षा. महिनाभर एक शब्द नाही."

रेडिओने मान डोलावली. तिला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही गप्प राहूनच छान येत होतं.

बैठक सुटल्यावर चष्मिसने पुस्तक मागितलं. "दे, आता वाचायलाच पाहिजे." रेडिओने देण्याआधी एकदा छत्रीचं ते शेवटचं पान उघडून पाहिलं. थांबा होता. भिंत होती. धुकं होतं. भिंतीशी जिथे छत्री टेकलेली असायची, तिथे कोरा कागद होता.

तिने चष्मिसचा हात घट्ट धरला आणि बोटाने पुस्तकाच्या त्या बाजूवर टकटक केलं.

"शेवटाकडून वाच म्हणतेय ती," त्याने मागून सांगितलं. "बोलायची बंदी आहे ना तिला."

"बंदी फक्त बैठकीत आहे रे, वेड्या!" रेडिओ म्हणाली आणि तिघंही हसले. पण मग तिने हसू थांबवून चष्मिसला पुन्हा बजावलं, "शेवटाकडूनच. खरंच हं. शपथ घे." आणि तिने शपथ घेईपर्यंत पुस्तक सोडलं नाही.

वर रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. लोक डोळ्यांवर हात धरून चालले होते. त्याने डब्यातली छत्री बरोबर आणली होती. दारातच त्याने ती उघडली आणि जरा संकोचून तिच्याकडे धरली.

"ये ना."

रेडिओ छत्रीखाली गेली. वर आभाळ निळंशार होतं, आणि छत्रीच्या आत, अगदी दोघांपुरता, बारीक पाऊस पडत होता. तिच्या नाकावर एक थेंब पडला. दोघं मावतील इतकंच धुकं त्यांच्या खांद्यांभोवती रेंगाळलं. तिने त्याचा हात धरला. अजून गारच होता, पण आतून कुठेतरी नुकताच ऊब धरायला लागल्यासारखा.

तो बोलायला लागला. त्या थांब्याबद्दल, धुक्याबद्दल, कुणीच न येण्याबद्दल. खूप साठलं होतं त्याचं. आणि रेडिओ, जिचं बटण कुणालाच बंद करता येत नव्हतं, ती अख्खा रस्ताभर एक शब्द न बोलता ऐकत राहिली, आणि मधूनमधून खाली फरसबंदीवर बघत राहिली... दोन सावल्या आहेत ना, एवढंच.